बोटाला लागला होता

वाक्य चार शब्दांचं होतं आणि ते मी हसत हसत बोलले. "तुला कोणी विचारलं होतं?" समोर अकरा वर्षांची मुलगी, कपाळाला घामानं चिकटलेले केस, आणि माझा उजवा हात तिच्या खांद्यावर. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, ताई कप्तानाला धीर देतायत. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं असं मला नंतर कितीदा तरी वाटलं, कारण चढलेल्या आवाजाला निदान राग म्हणता येतं, आणि रागावर पुष्कळ काही ढकलून देता येतं. हा आवाज थंड होता. खिडकी बंद करता करता कारकून बोलतो तसा. तो माझ्याच घशातून आला हे कळायला मला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात मुलीनं माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही, रडवेली होऊनही नाही. आपल्या ओळखीच्या घराचा दरवाजा वाजवावा आणि भलत्याच माणसानं उघडावा, तेव्हा आपण जसं बघतो, तसं. मग ती म्हणाली, "सॉरी ताई." अगदी मनापासून म्हणाली. तिथून पुढचं मला नीट ऐकू येईना. हॉलमधला सगळा गलका कुणीतरी घोंगडीखाली दाबल्यासारखा झाला.

झालं होतं ते एवढंच. बारा वर्षांखालच्या मुलींची व्हॉलीबॉलची फायनल, तिसरा सेट, आम्ही चौदा, त्या तेरा. एक पॉइंट मिळाला की संपलं. समोरच्या उंच मुलीनं बॉल हाणला, आमची कप्तान जाळीवर उडाली, बॉल तिच्या हातांवरून गेला आणि रेषेच्या हातभर बाहेर पडला. पंचांनी आमच्या बाजूला हात केला. पोरी किंचाळत एकमेकींच्या अंगावर पडल्या, आयाबाप उठून उभे राहिले, मीही दोन्ही हात वर केले. सहा वर्षं. सहा वर्षं दर शनिवारी सकाळी या हॉलची कुलपं उघडली होती, पोरींच्या बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या, आयांच्या विनवण्या केल्या होत्या, आणि पहिल्यांदाच काहीतरी हातात येत होतं. त्या घोळक्यातून आमची कप्तान एकटीच बाहेर आली. तिला सगळ्या काडी म्हणतात, कारण ती तशीच आहे, लांब आणि बारीक. ती पंचांच्या उंच खुर्चीखाली जाऊन उभी राहिली आणि मान वर करून काहीतरी म्हणाली. पंच खाली वाकले. तिनं उजव्या हाताचं मधलं बोट वर धरून त्यांना दाखवलं. बोटावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. बॉल बोटाच्या टोकाला चाटून गेला असेल तर ते जगात फक्त त्या बोटालाच कळतं. पंचांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग निर्णय फिरवला. चौदा-चौदा. मी टाइम-आउट मागितला, पोरी धावत आल्या, आणि मी वाकले, हसले, आणि ते बोलले.

पुढचे दोन पॉइंट त्यांनी घेतले. काडीनं दोन्ही वेळा बॉलकडे बघितलंसुद्धा नाही असं मला वाटलं, पण त्याची खात्री देता येणार नाही, कारण मी तिच्याकडे बघत नव्हते. मागे बसलेल्या कुणाच्या तरी वडलांनी जोरात म्हटलं, "काडीनंच काडी लावली की हो!" आणि चारपाच जण हसले. मीही हसले असेन. चेहरा तसाच राहिला होता. समोरच्या संघाच्या बाई हात मिळवायला आल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "काय मुलगी तयार केलीत हो तुम्ही! मी माझ्या पोरींना हेच सांगणार आहे आज घरी जाताना." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणाले, "थँक यू." पंचही आले. त्यांनी काडीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "शिकवण." तेवढाच शब्द, आणि पुढे गेले. मी त्यांच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत राहिले. पिटुकली, आमची सगळ्यांत लहान पोरगी, हुंदके देत बूट काढत होती आणि काडी तिच्या शेजारी बसून तिची गाठ सोडवत होती. पिटुकलीनं तिचा हात झटकला. काडीनं हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि त्या हाताकडे बघत बसली.

नवरा वरच्या पायरीवर बसला होता, चहाचा थर्मास मांडीवर घेऊन. तो बुटांच्या दुकानात कामाला आहे, रविवारी अर्धा दिवस सुट्टी मिळते, ती त्यानं या मॅचसाठी ठेवली होती. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत आलो. मग थर्मास या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "काय बोललीस गं तू त्या पोरीला?"

"कुठं काय. म्हटलं, लक्ष दे."

"मी खालीच आलो होतो, तुला चहा द्यायला. मागेच उभा होतो."

बस यायला वेळ होता. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आत कुणीतरी झाडत होतं, झाडूचं टोक तेवढं दिसत होतं, येतंय आणि जातंय.

"जाऊ दे," तो म्हणाला. "गरम डोक्यात माणूस बोलून जातो. मी परवा एका गिऱ्हाईकाला म्हटलं, पाय घरी ठेवून आलात का. माफी मागितली, विषय संपला."

"माझं डोकं गरम नव्हतं."

"मग?"

मी तोंड फिरवलं. त्याला वाटलं मी रडतेय, म्हणून त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. पण मी रडत नव्हते. मी मोजत होते. सहा वर्षांत मी त्या पोरींना एक गोष्ट किती वेळा सांगितली असेल ते.

ती गोष्ट अशी. मी तेरा वर्षांची होते. शाळेशाळेतली मॅच होती. बॉल माझ्या बोटाला चाटून बाहेर गेला आणि पंचांनी पॉइंट आम्हाला दिला. कुणी बघितलं नव्हतं, कुणी मला विचारलंही नव्हतं. पण मी आपणहून पंचांकडे गेले आणि म्हणाले, सर, माझ्या बोटाला लागला होता. आम्ही हरलो. पंचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यासमोर मान झुकवली. "लक्षात ठेवा," मी शेवटी पोरींना म्हणते, "कुणी विचारायची वाट बघायची नाही. खरं बोलायला पहिली जी जाते ती कप्तान." दर वर्षी नवीन पोरी आल्या की पहिल्या महिन्यात ही गोष्ट होते. हॉलच्या कोपऱ्यातल्या गाद्यांवर पोरी दाटीवाटीनं बसतात, मी खाली मांडी घालते, आणि टोपीपाशी आले की सगळ्या गप्प होतात. काडी आली तेव्हा आठ वर्षांची होती. गोष्ट संपल्यावर बाकीच्या पाणी प्यायला पळाल्या, ही तिथंच बसून राहिली, आणि म्हणाली, "ताई, परत सांगा ना. टोपीपासून."

टोपी नव्हती. पंचांकडे जाणं नव्हतं. पहिल्या वर्षी पोरी बॉल आत पडला की बाहेर यावरून रोज भांडायच्या, एकमेकींच्या वेण्या ओढायच्या, त्या दिवशी त्यांना गप्प करायला मी काहीतरी सांगायला लागले आणि बॉल बोटाला लागला इथपर्यंत खरं खरं सांगत आले. तिथं आल्यावर वर बघितलं तर सात चेहरे माझ्याकडे लागले होते, आणि माझ्याच तोंडून ऐकलं, "मग मी पंचांकडे गेले." बस्स. इतकं सोपं होतं ते. पाणी उताराला लागावं तशी पुढची गोष्ट आपोआप गेली. भांडणं थांबली. पुढच्या वर्षी पंचांना टोपी मिळाली, त्याच्या पुढच्या वर्षी पांढऱ्या मिशा आल्या. चांगल्या कामासाठी आहे म्हणून मी स्वतःला कधी हटकलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षांनंतर ती टोपी मला दिसायलाच लागली होती. निळी, कडा उसवलेली. डोळे मिटले की अजूनही दिसते. खरं जे घडलं ते मात्र आठवायला जोर लावावा लागतो.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी तो जोर लावला. नवरा पेपर घेऊन पलंगावर आडवा झाला होता, मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते, नळाखाली भांडं होतं आणि नळ चालूच होता. उन्हानं पांढरं झालेलं शाळेचं मैदान. जाळीला एका बाजूला गाठ मारलेली. बॉल आला, मी उडाले, आणि बोटाला नुसतं चाटून गेला नाही, नख मुळापाशी फाटलं. चांगलंच फाटलं. मी खाली आले तेव्हा नखातून रक्त येत होतं. पंच तरुण होते, बोडके, दुसऱ्या शाळेतले गणिताचे मास्तर. त्यांना शंका आली होती. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली आणि मला विचारलं. नीट, गोड आवाजात विचारलं, "लागला का गं बाळ?" मी मूठ मिटली. रक्त तळव्याला लागत होतं, कोमट. मी म्हणाले, "नाही सर." जाळीपलीकडे एक मुलगी माझ्या अगदी समोर उभी होती, दात पुढे आलेली, तिनं माझ्या मुठीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. तीही काही बोलली नाही. आम्ही जिंकलो. मला पोरींनी उचलून घेतलं आणि मी मूठ मिटलेलीच ठेवली. म्हणजे काडीला कुणी विचारलं नव्हतं आणि तरी ती बोलली, आणि मला विचारलं होतं. नळाचं पाणी भांड्यातून ओट्यावर आलं, ओट्यावरून माझ्या पायांवर, तेव्हा आतून नवरा ओरडला, "अगं, टाकी रिकामी करतेस काय!"

मी कवळ्या करते. दातांच्या दवाखान्यांतून साचे येतात, त्यावर मी मेणात दात बसवते, चावा जुळवते, मग ते मेण जाऊन तिथं पक्कं गुलाबी प्लास्टिक येतं. एकवीस वर्षं हेच काम आहे. दात केसभर उंच राहिला तरी म्हाताऱ्या माणसाला जेवता येत नाही, आणि तो केसभर उंचवटा डोळ्याला दिसत नाही, बोटाच्या टोकाला कळतो. सोमवारी माझ्या बोटांना काही कळेना. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं ठेवलेले असतात, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं नाव लिहिलेलं, मी त्यांच्याकडे एरवी भाजीवाल्यानं भाजीकडे बघावं तसं बघते. त्या दिवशी त्यांच्याकडे पाठ करून बसले. तरी दुपारी एक वरची कवळी घासताना हातातून सटकली आणि फरशीवर पडून मधोमध तडकली. मालक उठून आले, दोन तुकडे जुळवून बघितले. "बाई, तुमच्या हातून?" ते म्हणाले. ते रागावले असते तर चाललं असतं. ते खरोखरच थक्क झाले होते. दुसऱ्याला आपल्याबद्दल किती खात्री असते, आणि ती कशाच्या जोरावर, हे मी त्यांच्या चष्म्याआडच्या डोळ्यांत बघत राहिले. मग म्हणाले, "तब्येत बरी नाही का? घरी जा." मी गेले नाही. संध्याकाळपर्यंत बसून कवळी परत पहिल्यापासून केली, आणि करताना मनाशी पाठ करत होते, शनिवारी काडीला बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, बाळ, माझं चुकलं, तू केलंस तेच बरोबर. दोन वाक्यं. बाळ हा शब्द काढून टाकला. मग परत घातला.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली. मी कुलूप काढत होते, ती पायरीवर बसली होती, बूट घालून तयार. "गुड मॉर्निंग ताई." मी म्हटलं, आत्ताच बोलावं. पण पाठोपाठ पिटुकली आली, तिची आई आली, आणि आईला फीच्या पावतीवरचं नाव बदलून हवं होतं, आणि ते राहिलं. मग म्हटलं, खेळ झाल्यावर. तीन-तीनच्या टीम पाडल्या, उरलेल्या तिघी रेषेवर. मी खुर्चीवर चढले पंच म्हणून. पाचसहा मिनिटं झाली असतील. पिटुकलीनं बॉल मारला, काडी उडाली, बॉल तिच्या हातांवरून बाहेर गेला. यावेळी मी वरून अगदी जवळून बघत होते. तिचं मधलं बोट मागे लवलं. चांगलं लवलं, आणि बॉलची दिशाही बदलली. पिटुकली ओरडली, "लागला! काडीला लागला!"

"नाही लागला," काडी म्हणाली.

"खोटारडी! लागला!"

"नाही लागला." आणि तिनं वर माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात चोरटं काही नव्हतं. गणित बरोबर सोडवून वही पुढे करताना मुलं मास्तरांकडे बघतात, तसं ते होतं. बघा, जमतंय मला. एकदा सांगितलेलं मी विसरत नाही.

माझ्या पायांखालची खुर्ची लोखंडी आहे, जमिनीला पक्की बसवलेली आहे. ती हलू शकत नाही. ती हलली. मी दोन्ही हातांनी दांडा धरला. खाली सगळ्या पोरी माझ्याकडे बघत होत्या, पिटुकलीचं तोंड उघडं होतं. तिथं मी बोलायला हवं होतं. एक शब्द पुरला असता. पण मी शिट्टी तोंडात घातली, काडीच्या बाजूला हात केला आणि फुंकली. पिटुकलीनं बॉलला लाथ मारली. "ताईपण तिच्याच बाजूच्या," ती म्हणाली, आणि खेळ पुढे सुरू झाला. नंतर कुलूप लावताना माझ्या लक्षात आलं की काडीला बाजूला घ्यायचं राहूनच गेलं होतं, आणि ती निघून गेली होती.

मंगळवारी कामावरून परस्पर तिच्या घरी गेले. तिसरा मजला, दारात एकावर एक चढवलेल्या चपला. दार आईनं उघडलं. ती हॉस्पिटलात नर्स आहे, नुकतीच ड्यूटीवरून आली होती, बसायच्या खोलीतच कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही बसा हो ताई, मला उठवत नाही. सोळा बाया आहेत वॉर्डात आणि सगळ्या एकदम बेल वाजवतात." काडी खिडकीपाशी वही घेऊन बसली होती. मला बघून उभी राहिली. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, "फायनलच्या दिवशी मी हिला काहीतरी बोलले. ते मला बोलायला नको होतं."

"सांगितलं तिनं मला," आई म्हणाली. "अहो ताई, तुमचे आभारच मानायचे होते. मी फोन करणार होते, पण ड्यूट्या अशा."

"आभार?"

"मग काय! आम्ही सांगून सांगून थकलो. हिचे बाबा तर म्हणतात, या पोरीला कुणीही येऊन विकून खाईल. शाळेत बाईंनी विचारलं फळा कुणी पुसला नाही, की ही उभी राहणार. घरी काही फुटलं की ही आधी हजर. इतकं भोळं राहून चालतं का आजकाल? आमचं ऐकत नाही, पण तुमचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. तुम्ही एकदा बोललात, आठवड्यात फरक." तिनं एक पाय टबातून काढून टॉवेलवर ठेवला. पायाची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती. "शहाणी झाली हो माझी पोर. चहा टाकते."

काडी वहीच्या कोपऱ्याची सुरळी करत होती, सोडत होती, परत करत होती. मला वाटलं, आता उठावं आणि पळत सुटावं. कुणी मला शिव्या दिल्या असत्या, क्लबाकडे तक्रार केली असती, तर मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. त्याची तयारी करून आले होते. आभारांची तयारी कुठून आणणार? मी म्हणाले, "नको, चहा नको. चुकलं ते माझं. हिचं नाही. हिचं तेव्हा बरोबर होतं." आई हसली. "तुम्ही फार मनाला लावून घेता ताई," ती म्हणाली, जसं ती वॉर्डातल्या कुणाला म्हणत असेल. "जा गं, ताईंना खालपर्यंत सोडून ये."

जिन्यात दिवा नव्हता, पण वरच्या जाळीतून संध्याकाळचा उजेड येत होता. काडी एक पायरी पुढे उतरत होती, कठड्यावरून बोट फिरवत. दुसऱ्या मजल्यावर मी थांबले. तीही थांबली.

"ती गोष्ट आहे ना," मी म्हणाले, "माझी, तेरा वर्षांची होते तेव्हाची. ती खोटी आहे."

तिनं वळून बघितलं. "कुठली?"

"पंचांची. बॉल लागला तिथपर्यंत खरी. मी पंचांकडे गेले नाही. त्यांनीच मला विचारलं, लागला का, आणि मी नाही म्हणाले. नखातून रक्त येत होतं. मूठ मिटून घेतली."

खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो बदलताना बघणं मला सोसत नव्हतं, पण मी बघितलं.

"टोपी पण नव्हती?" तिनं विचारलं.

"नाही."

"मिशा?"

"त्याही नव्हत्या."

तिनं ओठ आत घेतले. रडणार असं वाटलं, पण रडली नाही. मग एकदम म्हणाली, "शनिवारी मला लागला होता."

"मला दिसलं."

"दिसलं?" आता ती खरंच चकित झाली. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"घाबरले."

"कोणाला?"

"तुला."

खालून एक माणूस सायकलचं चाक खांद्यावर घेऊन वर आला. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. "काय गं, क्लास का?" त्यानं काडीला विचारलं, आणि ती म्हणाली, "नाही काका, बोलतोय." तो वर गेला. त्याच्या चपलांचा आवाज थांबला, दार लागलं.

"बाकीच्यांना मी सांगू?" काडी म्हणाली. "गोष्टीचं?"

नको, हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी विचार करायच्या आधीच तो तिथं येऊन बसला होता, पोरीच्या खांद्यावर हात ठेवून हसायलाही मी तयार होते. माझा हात उचललाही गेला होता. मी तो खाली घेतला. "मी सांगते," मी म्हणाले. "शनिवारी. तू येशील?" ती म्हणाली, "माहीत नाही," आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

शनिवारी नऊच्या नऊ आल्या. काडी सगळ्यांत शेवटी आली आणि भिंतीच्या कडेला बसली. मी पोरींना गाद्यांवर बसवलं, पण खाली मांडी घातली नाही, उभी राहिले. गोष्ट खोटी आहे असं सांगितलं. खरं काय झालं ते सांगितलं, मुठीचं आणि नखाचंही. फायनलला काडीला काय बोलले ते शब्दासकट सांगितलं. मागच्या शनिवारी काडीच्या बोटाला बॉल लागलेला मला दिसला होता, पॉइंट पिटुकलीचा होता, हेही सांगितलं. लागला होता की नाही ते काडीला विचारलं नाही. सांगायला चार मिनिटंही लागली नाहीत. नेहमी टोपीपाशी पोरी गप्प व्हायच्या तशा त्या गप्प झाल्या नाहीत. चुळबुळत होत्या, एकमेकींकडे बघत होत्या, मोठ्या माणसानं आपल्यासमोर कपडे उतरवायला सुरुवात करावी तशा ओशाळल्या होत्या. एकीनं विचारलं, "मग आता तुम्ही येणार नाही का?" मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." हेही चुकलंच, नऊ पोरींवर मी ते टाकायला नको होतं. पिटुकली गादीची शिवण उकरत होती. कुणालाच पुढे काय करायचं ते समजेना, मला तर नाहीच. माझ्या गळ्यात शिट्टी होती आणि ती वाजवायची माझी छाती होत नव्हती.

मग काडी उठली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. केसांचं रबर तोंडात धरलं, केस गोळा केले, बांधले. "मला लागला होता," ती पिटुकलीला म्हणाली, "पॉइंट तुझा." आणि मग सगळ्यांना, "चला गं, उठा. दहा राउंड." पोरी उठल्या. खरंच उठल्या, कुरकुरत, शेवटची पिटुकली. काडी पुढे आणि बाकीच्या मागे अशी रांग हॉलच्या कडेनं धावायला लागली. लाकडी जमिनीवर बुटांचा आवाज भरून राहिला. मी मधोमध उभी होते आणि रांग माझ्याभोवती फिरत होती, पोरींचे घामट चेहरे एकेक करून समोरून जात होते, आणि मला कुणाच्याच चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिसऱ्या राउंडला काडी माझ्याजवळून गेली तेव्हा धावता धावताच म्हणाली, "ताई, खिडक्या उघडा ना. गरम होतंय."

मी गेले. पहिल्या खिडकीची खिट्टी गंजून घट्ट बसली होती. दोन्ही हात लावले तरी सरकेना. मागून पोरी धावत येत होत्या, जात होत्या. मी चप्पल काढली आणि तिच्या टाचेनं खिट्टीवर ठोकायला लागले.